दोन सीटांची गाडी

ड्रायव्हरच्या सीटवर आधीच्या मालकाच्या बसण्याचा खळगा पडला होता आणि शेजारची सीट मात्र कोरी करकरीत होती. म्हणजे तोही एकटाच हिंडत असणार. न भेटताच मला तो माणूस आवडला आणि मी त्याची गाडी घेतली. लाल, बुटकी, पाटाइतकी खाली आणि वाऱ्यासारखी पळणारी.

"अहो, गुडघे दुखतात ना तुमचे?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

दुखतात. देवळाच्या पायऱ्या चढतानाही दुखतात, पण तेव्हा कोणी अडवत नाही.

संसारात मी प्रत्येक वस्तू माणसं मोजून घेतली. कुकर घेतला तो सहाजणांचा, टेबल घेतलं ते पाहुणे धरून, आणि आधीची गाडी सासूबाईंना चढता येईल अशी. ब्लाउज सोडला तर माझ्या एकटीच्या मापाचं घरात काहीच नव्हतं. आणि त्याचं मला कौतुकही वाटायचं, ह्याचाच आता राग येतो.

आज गाडीची पूजा केली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ वाढवला, चाकांखाली लिंबं ठेवली. धाकटे दीर पेढा खात गाडीभोवती फिरले आणि मागच्या काचेतून वाकून बघू लागले.

"वहिनी, मागे सीटच नाही हो! आम्ही बसायचं कुठं?"

मी त्या खळग्यात नीट बसले आणि गाडी सुरू केली.

"बसायचं नाही, भाऊजी. बाजूला व्हायचं."

ते झाले. चाकाखालचं लिंबू फटकन फुटलं.