वरातीतला जपानी राक्षस

रत्नमालेचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते. "ताई, हे गेले हो," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ फोनमधून फक्त हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधले आवाज येत राहिले. सुधाकर मेश्राम त्या सकाळी सनीव्हेलच्या घरून नेहमीसारखा निघाला, सांता क्लाराला आमच्या कंपनीच्या दुसऱ्या बिल्डिंगपुढे गाडी लावली, आणि उतरण्याआधीच कोसळला. हृदयविकार. चाळिशी नुकतीच उलटली होती. आता या गोष्टीला काही आठवडे झाले. इथल्या मराठी लोकांना तो ठाऊक होता तो एवढाच... कॉम्प्युटरच्या चिप्स तपासणारा, कमी बोलणारा, कुणाला एअरपोर्टला सोडायचं असलं की न सांगता गाडी काढणारा माणूस. मला त्याच्याबद्दल आणखी थोडं ठाऊक आहे. ते तिकडे, त्याच्या गावातही वाचलं जावं म्हणून लिहिते आहे.

आम्ही एकाच वर्षी कंपनीत लागलो. मी पुण्याची, तो नागपूरचा. दोन्ही घरांचं येणंजाणं सुरू झालं ते रत्नमालेमुळे. सुधाकर स्वतःहून काही सांगायचा नाही. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना जुनी मंडळी नव्या माणसाला गाठून विचारतातच, गाव कोणतं, वडील काय करतात. सुधाकर म्हणायचा, "संगीतात आहेत." मग लगेच पुढचा प्रश्न यायचा, "अरे वा! कोणतं घराणं?" तो नुसता हसायचा आणि चहा आणायला उठायचा. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात त्याच्या वडिलांना तंबोरा देऊन बैठकीवर बसवून टाकलं होतं.

एका रविवारी त्यांच्या मुलीनं, प्रियानं, हट्ट धरला म्हणून आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या जपानी वस्तीतल्या एका थिएटरात राक्षसाचा सिनेमा बघायला गेलो. समुद्रातून एक अवाढव्य प्राणी वर येतो आणि शहर तुडवत चालत सुटतो, एवढीच गोष्ट. पुठ्ठ्याच्या इमारती पडत होत्या, आगगाड्या खेळण्यातल्या होत्या, आणि प्रेक्षक खो खो हसत होते. पण त्या प्राण्याच्या चालण्यामागे जे संगीत होतं ते हसण्यासारखं नव्हतं. खालच्या पट्टीतले पितळी बाजे तेच चार-पाच सूर पुन्हा पुन्हा, घाई न करता वाजवत होते आणि त्यांच्या तळाशी मोठे नगारे. मी सहज बाजूला पाहिलं. सुधाकर खुर्चीत ताठ बसला होता आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर काहीतरी दाबत होती.

नंतर नूडल्स खाताना तो एकदम म्हणाला, "हे बाबांचं आहे."

"काय बाबांचं?" रत्नमालेनं विचारलं.

"हे वाजवणं. वरात निघायच्या आधी. नवरदेव घोड्यावर बसेपर्यंत आमचे मोठे बाजे हेच करतात. एकच चाल घोळवत ठेवायची, लोक गोळा होईपर्यंत..."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की त्याच्या वडिलांचा नागपुरात लग्नाचा बँड आहे. रत्नमालेला बँड ठाऊक होता, पण नवरा त्यात वाजवायचा हे तिलाही नवीन होतं. तो युफोनियम वाजवायचा. युफोनियम म्हणजे ट्रम्पेटचा पोट सुटलेला थोरला भाऊ, मांडीवर घेऊन किंवा छातीशी धरून फुंकायचा. मॅट्रिकच्या वर्षी वडिलांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि चुलतभावाला दिला. "मी फुकलो तेवढं पुरे. तू शिक," म्हणाले. "पुन्हा बाज्याले हात लावायचा नाही." सुधाकरनं लावला नाही. इंजिनिअर झाला, इकडे आला. वडिलांवर राग नव्हता त्याचा. "लोक आमच्यापुढे नाचायचे," तो म्हणाला, "आणि जेवायला आम्हाला मांडवाच्या मागे बसवायचे. बाबांना ते माझ्यासाठी नको होतं." हे सगळं तो दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसं सांगत होता. प्रिया तोपर्यंत चॉपस्टिकनं राक्षसाचं शेपूट करून दाखवत होती.

त्याच वस्तीतल्या एका दुकानात त्याला त्या संगीताची रेकॉर्ड मिळाली. कव्हरवरचं अक्षर त्याला वाचता येत नव्हतं, चित्रावरून ओळखली. मग एका शाळेच्या बँडनं काढून टाकलेला जुना युफोनियम घरी आला. गॅरेजमध्ये रियाज सुरू झाला. सुरुवातीला म्हैस अडल्यासारखे आवाज यायचे आणि शेजारची बाई कुंपणावरून डोकावायची. पण काही महिन्यांनी प्रियानं स्वयंपाकघरात ओरडून सांगितलं, "मम्मी, दॅट्स द मॉन्स्टर साँग!" रत्नमाला मला म्हणाली, "ताई, हा माणूस आता जेवायला हाक मारली तरी येत नाही. पण आल्यावर बोलतो मात्र."

दोन कॅसेट रेकॉर्डर समोरासमोर ठेवून त्यानं एकट्यानं अख्खा बँड उभा केला. एक भाग वाजवून रेकॉर्ड करायचा, तो लावून त्यावर दुसरा वाजवायचा, मग तिसरा. दर वेळी खरखर वाढत गेली. ती कॅसेट त्यानं नागपूरला जाणाऱ्या एकाच्या हाती वडिलांना पाठवली. पाठवली खरी, आणि मग त्याचं चित्त थाऱ्यावर राहिना. ज्या गोष्टीला हात लावू नको असं बापानं सांगितलं होतं, तीच त्यानं पुराव्यासकट बापाकडे धाडली होती. "त्यांना वाटेल मी त्यांचं सगळं केलेलं मातीत घातलं," तो लंचच्या वेळी मला म्हणाला. मी म्हटलं, "अरे, नोकरी थोडीच सोडलीस!"

नागपूरला घराशेजारच्या औषधाच्या दुकानात फोन होता. ठरलेल्या दिवशी वडील तिथे येऊन बसायचे. त्या वेळच्या फोनवर त्यांनी पाऊसपाणी विचारलं, नातीचं विचारलं, कॅसेटचं नावही काढलं नाही. पुढच्या वेळीही नाही. त्याच्या पुढच्या वेळी, फोन ठेवता ठेवता, म्हणाले, "तिसऱ्या सुराले तुया दम तुटते." आणि खरंच ठेवला. सुधाकर दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला हे सांगताना इतका हसत होता की मला आधी वाटलं, याला बढती मिळाली.

त्यानंतर तिकडून एक कॅसेट आली. वडिलांनी ती चाल आपल्या बँडला बसवली होती आणि कुणाच्या तरी वरातीत वाजवली होती. फटाके, घोड्याचं खिंकाळणं, पोरांच्या शिट्ट्या, आणि या सगळ्याच्या मधून तो जपानी राक्षस नागपूरच्या रस्त्यानं चालत होता. जरा जलद, आणि झांजांसकट.

त्या वर्षी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात सुधाकरनं आपलं नाव दिलं. स्टेजवर युफोनियम घेऊन बसला. "नागपुरात माझ्या वडिलांचा बँड आहे," तो माइकमध्ये म्हणाला. "लग्नात वाजवतात. आता तेच वाजवणार आहेत, मी साथ करतो." त्यानं कॅसेट लावली आणि बापाच्या बँडमध्ये आपला सूर मिसळला. मॅट्रिकनंतर ते दोघं पहिल्यांदा एकत्र वाजवत होते, मध्ये एवढा समुद्र असताना. लोक आधी हसले, मग मागच्या रांगेतली काही तरुण मंडळी खुर्च्या सरकवून नाचायला लागली. पुढच्या रांगेतल्यांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमानंतर मंडळाच्या एका वयस्कर काकांनी त्याला गाठलं.

"छान होतं. पण हे राक्षसाचं म्युझिक ना रे? लग्नात?"

"हो काका. त्या सिनेमात तो चालत येतो तेव्हा सगळे रस्ता सोडतात. वरातीपुढे बाबांसाठीही सोडतात." त्यानं युफोनियम काखेत घेतला. "तेवढ्यापुरता..."

काकांनी मान हलवली. त्यांना कळलं की नाही, मला सांगता येणार नाही.

पुढची दोन-तीन वर्षं कॅसेटी जात-येत राहिल्या. मग ती सकाळ आली. वडील अजून आहेत. दुकानातल्या फोनवर रत्नमालेनंच त्यांना कळवलं. ते एवढंच म्हणाले, "वाजवत होता न तो?" ती हो म्हणाली. त्यानंतर फोन दुकानदारानं घेतला. अंत्यविधीला त्रिशरण आणि पंचशील झालं, ऑफिसातले लोक कोट घालून आले होते. वाजवलं कुणी काही नाही.

सुधाकरची एक सवय होती. गाडी चालवताना लाल दिवा लागला की तो ओठ घट्ट मिटायचा आणि त्यांतून माशी भणभणावी तशी हवा सोडत राहायचा. फुंकणाऱ्यांच्या ओठांचा तो व्यायाम असतो म्हणे. शेजारच्या गाडीतले लोक बघायचे, रत्नमाला लाजून खिडकीकडे तोंड करायची. गेल्या आठवड्यात ती मला घरी सोडत होती, प्रिया मागे बसली होती. एल कॅमिनोवरच्या सिग्नलला गाडी थांबली आणि मागून तो आवाज सुरू झाला. आम्ही दोघींनी मागे वळून पाहिलं नाही. दिवा हिरवा झाला, तरी रत्नमालेनं गाडी काढली नाही. मागच्या गाडीनं हॉर्न दिला, पुन्हा दिला... प्रियाचा दम संपेपर्यंत ती थांबली, आणि मग निघाली.