तापल्यावर बंद पडणारी मोटर

घरातली कुठलीही वस्तू बंद पडली की काकू तिला हात लावण्याआधी विचारायच्या, "बंद पडली तेव्हा काय चाललं होतं?" मिक्सर असो, पंखा असो, नाहीतर रुसून बसलेली सून असो. निवृत्त होईपर्यंत त्या टेलिफोन ऑफिसात तक्रारींच्या टेबलावर होत्या. लोकांचा संताप ऐकून घ्यायचा आणि त्यातून तार कुठे तुटली असेल ते हुडकायचं, हे त्यांचं काम. समोरचा जितका ओरडे तितका काकूंचा आवाज खाली येई.

काकांना पाण्याचं वेड होतं. धरमपेठेतल्या घराच्या मागच्या अंगणात पाण्याने भरलेला एक मोठा ड्रम होता आणि त्याच्या कडेला बोटीची जुनी पेट्रोल मोटर अडकवलेली असायची. पंखा पाण्यात, डोकं वर. काकांनी ती कुठल्याशा लिलावातून आणली होती. काटोल रोडवरच्या एका तलावावर श्रावण नावाचा मासे धरणारा माणूस राहायचा. त्याच्या डोंग्याला ही मोटर लावून काका फिरायचे. दोरी ओढली की ती पहिल्याच झटक्याला सुरू व्हायची, धूर सोडत झकास पळायची आणि तलावाच्या मधोमध मरायची. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू. काकांनी कार्बोरेटर उघडला, टाकी धुतली, पेट्रोलची नळी बदलली. दर रविवारी हेच चालायचं. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत. "ह्यांना मोटर दुरुस्त नाही करायची, नुसती उघडून बसायचं आहे," असं मला एकदा म्हणाल्या होत्या.

एका सकाळी काका झोपेतच गेले. तेरवी झाल्यावर प्रसाद, त्यांचा मुलगा, पुण्याला परत निघाला. निघताना म्हणाला, "आई, ते अंगणातलं धूड भंगारात देऊन टाकू."

श्रावण तिथेच बसला होता. तो चाचरत म्हणाला, "भंगारात काहून देता? मले द्या ना काकू. पावसाळ्यात नाल्याले पूर आला का आमच्या टोलीच्या वस्तीचा रस्ता बंद होते. पोरं शाळेत जात नाही, बाया दवाखान्यात जात नाही. तलावातून डोंग्यानं नेतो मी, पण वारा सुटला का वल्हं मारून डोंगा पुढं सरकत नाही."

काकू म्हणाल्या, "देईन. पण अशी नाही देणार. मधेच बंद पडली तर पोरंबाळं कोणाच्या भरवशावर?"

त्या उन्हाळ्यात मी सुटीच्या दिवशी हिंगण्याहून त्यांच्याकडे जात असे. दोरी ओढायला त्यांना माणूस लागे. काकूंची रीत सरळ होती. मोटर ड्रमात चालवायची, तापून बंद पडली की लगेच प्लग काढायचा, तो वायरला जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा आणि दोरी ओढून ठिणगी पडते का, म्हणजे करंट येतो का, ते बघायचं. भर उन्हात ठिणगी दिसेना, तेव्हा त्यांनी मी उन्हासाठी डोक्याला बांधलेला दुपट्टा मागून घेतला, डोक्यावरून ओढला आणि मोटरीवर वाकल्या. आतून आवाज आला, "ओढ." मी ओढली. "पुन्हा ओढ." थोड्या वेळाने बाहेर आल्या. "करंट नाही. म्हणजे पेट्रोलची भानगडच नाही. थंड झाली की परत बघू." थंड झाल्यावर ठिणगी आली, निळी आणि दणदणीत.

पुढे त्यांनी करंटच्या वाटेवरची एका वेळी एकच वस्तू बदलली. मी घाईने म्हणालो, "पॉइंट आणि कंडेन्सर एकदमच बदलू." त्या म्हणाल्या, "आणि सुरू झाली तर कोणामुळे झाली हे कोणाला विचारशील?" पॉइंट घासले, काही फरक पडला नाही. कंडेन्सर नवा घातला, तरी तेच. स्टॉप बटनाची तार सोडवली, तरी तेच. उरली कॉइल, ठिणगीचा करंट तयार करणारी तारेची गुंडाळी. काकूंनी सुनेने मागे ठेवलेला केस वाळवायचा ड्रायर आणला आणि मोटर थंड असतानाच इंजिनावरच्या चाकाच्या फटीतून कॉइलवर गरम हवा सोडली. मी दोरी ओढली. ठिणगी गायब. काकू खाली पायरीवर बसल्या आणि बराच वेळ ड्रायर बंद करायचं विसरल्या.

जुन्या स्कूटरची, मापाला जवळची कॉइल मिळाली. कानस मारून ती बसवली आणि मोटर तलावावर नेली. मधोमध पोचल्यावर काकूंनी मुद्दाम ती बंद करायला लावली. डोंगा हलत राहिला. श्रावण माझ्याकडे बघायला लागला. "आता लाव," काकू म्हणाल्या. पहिल्या दोरीला लागली. श्रावण हसायला लागला, पण काकूंच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही.

परत येताना मी म्हणालो, "काकांना इतक्या वर्षांत जमलं नाही, ते तुम्ही एका उन्हाळ्यात केलंत."

त्यांना ते आवडलं नाही. "ह्यांनी पेट्रोलची बाजू सगळी तपासून ठेवली होती, म्हणून मला तिकडे बघावंच लागलं नाही. पुढचा रविवार मिळाला असता तर करंटवर आलेच असते."

गेल्या पावसाळ्यात काकूंच्या फुफ्फुसात पाणी झालं. दवाखान्यात बोलायला लागल्या की धाप लागे. डॉक्टरांनी बोलणं बंद करायला सांगितलं. आम्ही जाऊन बसायचो, त्या हातानेच खुणा करायच्या. प्रसाद पुण्याहून फोन करायचा, तर नर्स फोन कानाला लावायची आणि काकू नुसत्या हुंकार द्यायच्या. आठवड्याभरात त्या गेल्या.

तेरवीला श्रावण आला. काहीतरी बोलायचं म्हणून प्रसादने विचारलं, "मोटर चालते का रे?"

"चालते ना भाऊ. मागं पाण्यात एकदा बंद पडली होती. डोंग्यात शाळेची पोरं होती, वारा लई होता. मी काकूले फोन लावला. त्याईनं एक एक करून सांगितलं. बटनाची तार भिजली होती. ते सोडवली, का झाली सुरू."

"हे कधी झालं?"

श्रावणने वार सांगितला. काकू तेव्हा दवाखान्यात होत्या.

"आई बोलली तुझ्याशी?"

"बोलल्या ना. आवाज बारीक येत होता, मले वाटलं रेंज नसन." श्रावण आमच्या तोंडाकडे बघत राहिला. "काठाले लागेपर्यंत फोन ठेवू देल्ला नाही त्याईनं. म्हणे, मोटरीजवळ धरून ठेव, मले आयकू दे."