मामांना उचलायचं नाही

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका मापाच्या टेपवर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या मुलुंड-नाहूर पट्ट्यात सापडणार नाही. लहानपणी पोलिओ झाल्याने पायांत बळ नाही, म्हणून त्यांनी हातमशिनीवर चाळीस वर्षं शर्ट शिवले आणि हळूहळू सगळं जगच मापात घ्यायला लागले. आमच्या लग्नात मला पहिल्यांदा पाहून ते "डावा खांदा उतरता आहे, सांभाळा" एवढंच म्हणाले. हॉटेलात गेलं की मेन्यूकार्डाआधी ते दाराची रुंदी घेतात. उंबरा दोन इंचांपेक्षा उंच निघाला तर चहा बाहेरच मागवतात, वर उंबरा कसा तासावा हे मॅनेजरला समजावून सांगतात.

त्यांना चीड एकाच गोष्टीची होती, उचललं जाण्याची. व्हीलचेअर दिसली की आपल्याकडे चार सज्जन धावत येतात आणि न विचारता माणूस उचलतात. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावससासू, घाटकोपरला तळमजल्यावर राहते. दर रविवारी तिच्याकडे जाताना त्यांना रिक्षात उचलून बसवायचं काम माझं. एकदा मामा म्हणाले, "माणूस चांगले आहात जावईबापू, पण तिच्या दारात दर वेळी तुमच्या हातांवरून उतरायचं म्हणजे लाज वाटते हो."

मग त्या रस्त्याने नवी जलद बस सुरू झाली, दाराला रॅम्प असलेली. मामांनी तीन दिवस स्टॉपवर मुक्काम ठोकला. रॅम्पचं दार नेमकं कुठे थांबतं ते पाहिलं आणि शिंप्याच्या खडूने तिथे झकास फुली मारली. चौथ्या दिवशी मी सोबत जाऊन बघतो तर वाट लागलेली! जमिनीवर खूण दिसली की मुंबईकर तिथून रांग लावतो. फुलीवर एक बाई, तिच्यामागे पंचवीस माणसं आणि सगळ्यांत शेवटी मामा.

बस आली. रांगेतले तिघे बाह्या सरसावून आले. "चला, उचला काकांना!"

"कोणी हात लावूचो नाय!" मामा मालवणीत गरजले. "मी काय बोचकां आसंय?"

तिघे थबकले. मीही थबकलो, कारण सवयीने माझेही हात खुर्चीखाली गेले होते. फुलीवरची बाई ओरडली, "ओ, सरका ना जरा! त्यांचं त्यांना चढू द्या." रांग बाजूला झाली, कंडक्टरने रॅम्प टाकला. अर्ध्यावर चाक इंचभर मागे घसरलं. मी मुकाट्याने हात खिशात कोंबले. मामांनी दात-ओठ खाऊन जोर लावला आणि ते आत गेले. खुर्ची वळवून पट्टाही स्वतःच लावला. मी चढायला लागलो तर म्हणाले, "तुम्ही कुठे? घरी जा."

तासाभराने बहिणीचा फोन आला. "अहो, दादा आला! एकटाच आला!"

आता ते दर रविवारी एकटेच जातात, घावणे खाऊन येतात आणि बसच्या सीटची शिवण कशी कच्ची आहे ते मला ऐकवतात. रिक्षाच्या त्या फेऱ्यांचा मी काय कंटाळा करायचो! आणि आता रविवारी चहा झाला की घरात करमत नाही. परवा न राहवून विचारलं, "मामा, येऊ का सोबत?"

"या की," ते म्हणाले. "तिलाही बरं वाटेल. नेहमी विचारते, तो जावई आताशा का येत नाही म्हणून."