भाऊजींचा घोडा आणि एका पायातला मोजा

माझे धाकटे दीर घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर त्यांना स्टूल पोटाशी ओढावं लागे. त्या दुकानात घड्याळांपेक्षा वह्या जास्त. घोड्यांच्या वह्या! कुठला घोडा ओल्या मैदानात पळतो, कुठला कोरड्यात, पाठीवर वजन वाढलं की कोण ढेपाळतो, कुठल्या जॉकीशी कोणाचं जमतं, सगळं बारीक अक्षरात. मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण आकडे वाचता येतात. मला त्या वह्यांचं भारी कुतूहल.

जाऊबाईंना मात्र नव्हतं. त्यांनी एकदा ठणकावलं, "येत्या शनिवारी शर्यतीत पैसे हरलात, तर चौदाच्या चौदा वह्या रद्दीत."

"कबूल," भाऊजी म्हणाले. तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं.

त्यांचा भरवसा एका तपकिरी घोड्यावर होता. दीड महिना ते पहाटे कुंपणाशी उभं राहून त्याची दौड स्टॉपवॉचवर मोजत होते. पहाटे घोड्यांना नंबर नसतात, म्हणून वहीत खूण लिहिलेली: 'मागचा एक पाय पांढरा'. एकदा चहाचा थर्मास घेऊन मीही गेले होते. घोडा वाऱ्यासारखा गेला नि भाऊजी नाचायचेच बाकी राहिले.

शनिवारी मला सोबत नेलं. शर्यतीआधी घोड्यांना रिंगणात फिरवतात, तिथे आम्ही उभे होतो.

"तो बघा वहिनी, चार नंबर. आपला."

मी बघितलं. मग म्हटलं, "भाऊजी, हा नव्हे."

"काय नव्हे?"

"ह्याचा डावा पाय पांढरा. त्या पहाटेच्याचा उजवा होता. तो बघा, सात नंबर."

"वहिनी, तुम्ही एकदाच आला होतात!"

"आठ माणसांचे मोजे धुऊन जोड्या लावल्यात मी जन्मभर. एका पायातला मोजा कुठल्या पायात आहे, एवढं कळतं मला. तुम्ही घोडा कधी बघितलात? तुमचा डोळा काट्यावर!"

भाऊजींनी वही उघडून बघितली. दोन्ही घोडे तपकिरी, एकाच तबेल्यातले. दीड महिना मोजलेली वेळ सातची आणि वहीत नाव चारचं.

"मग लावा की सातवर," मी म्हटलं. "खिडकी बंद होईल."

ते खिडकीपर्यंत गेले, रांगेत उभे राहिले आणि त्यांचा नंबर आला तेव्हा बाजूला झाले.

"दुरुस्त केलेलं घड्याळ एक दिवस भिंतीवर चालवून बघितल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही," म्हणाले. "वहीचंही तेच."

घोडे सुटले. सात नंबर दोन घोड्यांएवढं अंतर पुढे राहून जिंकला. चार कुठे होता, देव जाणे. आजूबाजूला लोक तिकिटं फाडत होते आणि छदाम न मिळालेले भाऊजी स्टॉपवॉच माझ्या नाकासमोर नाचवत ओरडत होते, "बघा! पहाटेचीच वेळ! माझं मोजमाप बरोबर होतं, वहिनी!"

घरी जाऊबाई दारातच. "हरलात?"

"लावलेच नाहीत."

"जिंकलात?"

"लावलेच नाहीत म्हणतोय ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी 'खरंय' म्हणून मान हलवली. "असला कसला जुगारी हा," असं पुटपुटत त्यांनी रद्दीसाठी आणलेली सुतळी परत खुंटीला अडकवली.

वहीत भाऊजींनी नवा रकाना आखला: पाय. आणि तेव्हापासून पहाटे पाचला माझ्या दारावर टकटक. "वहिनी, उठा. मोजे बघायचेत."