डावीकडची उलटी रांग

आबांना घरी जायचं होतं आणि मला त्यांना पाठवायचं नव्हतं. दोन हजार वीसचा अख्खा उन्हाळा आमचं आयर्लंडमधलं, ल्यूकनचं घर या एकाच गोष्टीवरून धुमसत होतं. माझे वडील हिवाळा संपता संपता आले ते थोड्या दिवसांसाठी, आणि विमानं बंद झाली. आईचा व्हिसा वेळेत आला नाही म्हणून ती कोल्हापुरातच राहिलेली, एकटी. आता अधूनमधून खास विमानं सुटायला लागली होती, पण नाव नोंदवायचं ऑनलाइन, म्हणजे माझ्याच हातून. मी सरळ नाही म्हटलं. सत्तरी ओलांडलेला, साखरेचा त्रास असलेला माणूस, त्यात तिकडे बेड मिळत नाहीत म्हणून रोज बातम्या. वाटेत काही झालं असतं तर मी आईला काय तोंड दाखवणार होते?

आबा भांडले नाहीत. ते फेऱ्या मारायला लागले. किचनमधून हॉल, हॉलमधून किचन, मग मागच्या हिरवळीच्या तुकड्यावर गोल गोल. शेजारचे आजोबा कुंपणावरून ‘ग्रँड डे’ म्हणायचे, आबा ‘येस येस’ करून पुढच्या फेरीला. माझं डोकं उठायचं. बसा म्हटलं की बसायचे, आणि बसल्या बसल्या पाय हलवायचे. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायचा आणि रडूही यायचं, एकाच वेळी.

गणपती जवळ आले तेव्हा मला सुचलं की यांना मखराला जुंपावं. कोल्हापुरात दरवर्षी मखर तेच करायचे. पण माझ्या दहा वर्षांच्या लेकीने आधीच ठरवून टाकलं होतं. शाळा बंद असताना तिला प्राचीन ग्रीसचा प्रोजेक्ट मिळाला होता, तेव्हापासून अथेन्सच्या टेकडीवरचं ते संगमरवरी देऊळ तिच्या डोक्यात बसलेलं. बाप्पा त्यातच बसणार. आबांनी चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि म्हणाले, “देऊळच हाय की. करू.”

घरी आलेल्या पार्सलांचे खोके प्रेसमध्ये, म्हणजे किचनच्या कपाटात, कोंबून ठेवलेले होते. त्यांचा चौथरा आणि पायऱ्या झाल्या. खांब कार्डशीटचे. ते मध्ये किंचित फुगीर असतात, नाहीतर लांबून बारीक दिसतात, असं लेकीने सांगितल्यावर आबांनी सगळे उकलून पुन्हा गुंडाळले. वरच्या त्रिकोणात त्या देवळातली देवी बापाच्या डोक्यातून जन्म घेतानाचा देखावा होता. कडेला छप्पर उतरत जातं म्हणून मधले देव उभे, त्यांच्या शेजारचे बसलेले आणि कोपऱ्यातले चक्क आडवे.

“डोक्यातनं जन्मली?” आबा म्हणाले. “मग आपल्या गणपतीला ह्ये घर पटंल. त्याचंबी डोक्याचंच परकरण हाय.”

कितीतरी दिवसांनी ते हसले होते. मला वाटलं, चला, रमले. आता विमानाचं नाव काढणार नाहीत.

खांबांच्या आत, भिंतीच्या वरच्या अंगाला सगळीकडून मिरवणुकीची पट्टी होती. घोडेस्वार, घागरी घेतलेली माणसं, बळीचे बैल, सगळे देवीकडे निघालेले. मी आणि आबांनी कागदी माणसं कापली आणि एका दुपारी सगळी चिकटवून टाकली. लेक आली, वाकून बघितलं, आणि तिच्या त्या आयरिश हेलात म्हणाली, “दॅट्स नॉट राइट, आबा.”

आम्ही सगळ्यांना एकाच दिशेने लावलं होतं, देवाला उजव्या हाताला ठेवून. दुसरं काही आमच्या मनातही आलं नव्हतं. तिचं म्हणणं, डावीकडची रांग उलटी जाते.

“उलटी प्रदक्षिणा?” आबांचा आवाज चढला. “आपल्यात चालतंय व्हय असलं? मी न्हाई लावणार.”

लेक इंग्रजीत समजावत राहिली, मी मराठीत करून सांगत राहिले. ही प्रदक्षिणा नव्हेच. मागच्या एका कोपऱ्यापासून सगळे निघतात, अर्धे या बाजूने, अर्धे त्या बाजूने. वाट वेगळी, पण शेवटी पुढे दाराशी येऊन भेटतात.

“भेटत्यात?” आबांनी विचारलं.

“हो.”

चहा गार झाला तरी आबा डावीकडचा एकेक कागद नखाने सोडवत बसले. पाय हलत नव्हता.

गणपतीला घरात आम्हीच. शेजारच्या लिक्सलिप गावातले आमचे मित्र हाकेच्या अंतरावर, पण त्यांचा जिल्हा साथीमुळे बंद. आरतीनंतर आईला व्हिडिओ कॉल लावला. आबांनी फोन देवळाभोवती हळूहळू फिरवला. आईची नजर तीक्ष्ण. “ही डावीकडची माणसं उलटी का हो लावली?”

“उलटी न्हाईत,” आबा म्हणाले. “ती तुझ्याकडं निघाल्यात.”

मी निरांजनात तूप घालायच्या निमित्ताने किचनमध्ये गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. दीड दिवसांनी बादलीत विसर्जन झालं. हात पुसले आणि लॅपटॉप उघडून आबांचं नाव नोंदवलं. पासपोर्ट त्यांच्या खिशातच होता.

मुंबईत हॉटेलात विलगीकरण झालं, उरलेले दिवस घरी, बाहेरच्या खोलीत काढायचे होते. ते कोल्हापुरात पोचले तेव्हा तिथल्या शेजाऱ्याने मला व्हिडिओ कॉल लावून फोन धरला होता. उंबऱ्याच्या बाहेर आबा, तोंडावर मास्क, हातात पिशवी. आत आई, नाकावर पदर. दोघंही पुढे येईनात.

“वाळलात की,” आई म्हणाली. तिने चहाचा कप उंबऱ्यावर ठेवला आणि मागे सरकली. आबा बाहेरच्या पायरीवर बसले, आई आत जमिनीवर टेकली. चहा संपला तरी दोघांपैकी कुणीच उठलं नाही.