एनिसमधला वन्स मोअर

सलग सहा दिवस ड्युटी केलेल्या माणसाने रविवारी झोपावं. हे मला कळत होतं, माझा नवरा निरंजन तर दोनदा म्हणालाही, तरी सकाळी आम्ही टॅलाहून एनिस या दुसऱ्या टोकाच्या आयरिश गावाला निघालो. कारण डीकन फ्लिंट, जमैकाचा डान्सहॉल गायक, म्हणजे रेकॉर्डच्या ठेक्यावर माइकवर गाणारा. पुण्यात हॉस्टेलवर त्याच्या एका कॅसेटच्या जोरावर मी अख्खी अ‍ॅनॅटॉमी पाठ केली होती. गाण्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण झोप उडायची.

जाणार असाल तर एम सेव्हन मोटरवेने लिमरिक, तिथून एम एटीन. अडीचेक तास, वाटेत एक टोल. आम्ही दोनदा कॉफीला थांबलो आणि दोन्ही वेळा भिजलो.

कार्यक्रम दुपारी तीनला, गावातल्या साध्या हॉलमध्ये. तिकीट वीस युरो, भाज्यांचं सूप आणि ब्राउन ब्रेड वेगळं. सूप बरं होतं. माणसं जेमतेम साठ.

सुपाच्या रांगेत मार्शा भेटली, डीकनची मुलगी. त्याच्यामागे रेकॉर्ड लावायचं काम तिचंच. तिच्याकडूनच कळलं, चौदाव्या वर्षी किंग्स्टनच्या गल्लीत त्याने माइक हातात घेतला. मग लंडन, टोकियो. मग गाणी चालेनाशी झाली, हॉटेलांतल्या लग्नांत गायला. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं.

"आज पहिलाच कार्यक्रम," ती म्हणाली. "निभावला तर उन्हाळ्यात दौरा. नाहीतर संपलं."

"लोक येतात की!"

"येतात, शांत बसतात. आमच्याकडे गाणं आवडलं की लोक भिंती बडवतात, मग मी रेकॉर्ड मध्येच थांबवून पहिल्यापासून लावते. ते झालं नाही की बाबांना वाटतं, आपण पडलो."

डीकन आला. बारीक झालेला, सूट ढगळ. मी घशाची डॉक्टर, आठवडाभर हेच बघते. दोन ओळींत कळलं, आवाज मोजकाच उरलाय आणि तो पुरवून पुरवून गातोय. शेजारच्या बाई मैत्रिणीला म्हणाल्या, "युअर मॅन इज ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत हा माणूस ठीकठाक, आणि गाणं संपल्यावर व्यवस्थित टाळ्या वाजवल्या.

मग कॅसेटमधलं गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्यावर मी उभी राहून ओरडले, "वन्स मोअर!" नाट्यसंगीताच्या घरात वाढल्याचा परिणाम.

"अगं, बस खाली!" निरंजन पुटपुटला.

मार्शाने रेकॉर्ड थांबवली. डीकन माझ्याकडे बघून हसला आणि त्याने स्वतःच स्टेजमागची भिंत बडवली. मग सगळ्यांनी खुर्च्या बडवल्या. गाणं चार वेळा पहिल्यापासून झालं. प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा वर चढला. चौथ्या वेळी वरच्या सुरावर आवाज फाटला, आणि मग उमटलाच नाही. कार्यक्रम तिथेच संपला. निघताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला, ओठ हलवले. डोळे भरले होते, त्याचे आणि माझेही.

परतताना लिमरिकजवळ निरंजनने विचारलं, "पेशंटना काय सांगतेस गं तू?"

"आवाजाला आराम द्या."

घरी पोचून जेवणाआधीच झोपले. सोमवारी परत ड्युटी.

आठवड्याने मार्शाचा मेसेज आला. दौरा रद्द झालाय, आवाज परतेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. बाबा मात्र येईल त्याला कागदावर लिहून दाखवतात, एनिसमध्ये लोकांनी माझं गाणं चार वेळा थांबवून पहिल्यापासून लावायला लावलं. मी सॉरी लिहिलं. तिचं लगेच उत्तर आलं, "सॉरी कशाबद्दल?"

मी घशाची डॉक्टर आहे, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.