सुपरचार्जर आणि गवईभाऊंचा उजवा पाय

"मावशी, माझ्या हातात ही गाडी एकदाही बंद पडली नाही. बाबा बसले की पडते. आता तुम्हीच सांगा, इंजिनाले माणूस ओळखू येते काय?"

प्रज्ञा गवई माझ्या अमरावतीच्या गॅरेजात बोनेट उघडून उभी होती. तिचे वडील, गवईभाऊ, बाजूच्या स्टुलावर तोंड फिरवून बसले होते. अचलपूरहून इथपर्यंत बापलेक एका गाडीत आले, पण वाटेत बोलले नसावेत. असं सांगावं लागत नाही, दिसते.

भाऊंनी सारी नोकरी बस चालवण्यात काढली. वहिनी धारणीकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स आहेत. सोमवारी भाऊ त्यांना मेळघाटातून वर सोडतात, शनिवारी घेऊन येतात. गाडी जुनी, पेट्रोलची, इंजिन लहान. एसी लावला की घाटात रडायची. प्रज्ञा इंजिनियर, अकोल्याला नोकरी करते. मायबापाचे हाल पाहून तिनं सुट्यांमध्ये खपून त्या गाडीले सुपरचार्जर बसवला. परवानगीचं कामही रीतसर केलं. पोरगी तशी पक्की.

आता सुपरचार्जर म्हणजे काय, ते साध्या भाषेत सांगते. इंजिनात हवा कोंबणारा पंखा. तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. पण फुकट काही भेटत नाही. पंखा फिरवायले इंजिनाचीच ताकद लागते. गाडी पळत असताना ते जाणवत नाही. जाणवते आयडलला. आयडल म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन स्वतःच्या जीवावर फिरते तो वेग. तेव्हा ते बिचारं कसंबसं आपल्यापुरतं कमावते, आणि त्यात हा पाहुणा पाटावर येऊन बसतो.

म्हणून पंख्याले एक बायपास असतो, म्हणजे बाजूचं दार. आयडलला ते उघडं राहते, हवा नुसती गोल फिरते, पंख्यावर जोर येत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दार लागते आणि हवा इंजिनात दाबली जाते. दार उघडं धरून ठेवायचं काम इंजिनाच्या आतली ओढ करते, तिला आम्ही व्हॅक्यूम म्हणतो. एवढं ध्यानात ठेवा, पुढं कामी येईल.

तर झालं होतं असं. पंधरा दिवसांआधी सोमवारी घाटात एका वळणावर गुरं आडवी आली. भाऊंनी गाडी थांबवली. गुरं गेली, भाऊंनी क्लच सोडला, आणि इंजिन बंद. इंजिन गेलं की स्टिअरिंग जड होते, ब्रेकही दगडासारखा होतो. गाडी दोन हात मागं सरकली, आणि मागं दरी. भाऊंनी हँडब्रेक ओढला म्हणून निभावलं. वहिनी खाली उतरल्या त्या वळण संपेपर्यंत पायीच चालल्या. शनिवारी त्या धारणीच्या बसनं घरी आल्या, आणि या गाडीत परत बसणार नाही म्हणून सांगून टाकलं.

"काढून टाक ते," भाऊ स्टुलावरूनच म्हणाले. "मले सोमवारी तुह्या मायले वर न्याचं हाय. तुहा प्रयोग तू तुह्या गाडीत कर."

प्रज्ञाचे डोळे भरले होते, पण ती बोनेटात वाकली. तेवढ्यानं ते कोणाले दिसत नाही.

मी कार्ब्युरेटरच्या काळातली बाई. शिकले ते हात काळे करून. मी सोपा उपाय सांगितला, आयडल चढवून टाक, बंद पडायची बातच नाही. प्रज्ञानं मान हलवली. म्हणाली, मावशी, बाबा घाट उतरताना पहिल्या गिअरमध्ये गाडी इंजिनानंच रोखून धरतात. आयडल जास्त चढवला तर इंजिन धरायच्या ऐवजी पुढं रेटेल. पोरीनं बापाचा चढच नाही, उतारही हिशोबात घेतला होता.

मग तिनं धूर सोडून तपासलं, नव्या नळ्यांतून कुठं चोरून हवा आत येते काय. येत नव्हती. लॅपटॉप जोडला, आकडे ठीक. तिनं गाडी फिरवली, ठीक. मी फिरवली, ठीक. भाऊंना बसवलं. क्लच सोडला, गचका, बंद. पुन्हा केलं, पुन्हा बंद. भाऊंच्या तोंडावर थोडं समाधान आलं, खोटं कशाले सांगू.

तिसऱ्या वेळी प्रज्ञा बाजूच्या सीटवर बसली. पण ती समोर पाहत नव्हती, वाकून भाऊंच्या पायाकडं पाहत होती. मीही खिडकीतून पाहिलं. डावा पाय क्लचवरून सावकाश वर येत होता. उजवा पाय ब्रेक सोडून खाली मॅटवर. अ‍ॅक्सिलरेटरला शिवतही नव्हता.

"बाबा, निघताना रेस देत नाही तुमी?"

"काहून देऊ? गाडी जागची हलाच्या आधी रेस देनारा डायवर डायवरच नोय. असाच मी डिझेल वाचवत आलो."

मले वाटलं, आता ही म्हणणार, बाबा, सवय बदला. मी तरी तेच म्हटलं असतं. बसचं डिझेल इंजिन मोठं, त्याले रेस न देता हलणं जमते, हिले जमणार नाही. झालं, मिटलं.

प्रज्ञा म्हणाली, "मंग तुमचं बरोबर हाय. गाडीच चुकून राहिली."

भाऊंनी तिच्याकडं पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा.

तिनं आपला मोबाईल बोनेटखाली पट्टीनं बांधला, व्हिडिओ चालू केला आणि भाऊंना अंगणात गाडी उचलायला, म्हणजे जागची हलवायला, लावली. मग तिघांनी मिळून तो व्हिडिओ पाहिला. बायपासच्या दाराचा दांडा स्पष्ट दिसत होता. क्लच वर येतो, इंजिनावर वजन पडते, आयडल सांभाळायले कॉम्प्युटर जास्त हवा सोडतो. हवा आली की व्हॅक्यूम कमी होतो. व्हॅक्यूम कमी झाला की दार लावू पाहणारा स्प्रिंग जिंकतो आणि दार लागायला लागते. म्हणजे गाडीचं वजन अन् पंख्याचं वजन एकाच घडीले इंजिनाच्या डोक्यावर. आम्ही दोघी रेस देऊन ती घडी पार करत होतो, म्हणून आम्हाला कधी दिसलीच नाही.

दुसरी गोष्टही होती. इंजिनात हवा सोडणारं मुख्य दार, थ्रॉटल, ते वेगळं; पहिले ते इंजिनाच्या तोंडाशी होतं. आता मधात पंखा आणि हातभर नळ्या. संत्र्याच्या बागेत मोटर चालू केली तरी शेवटच्या झाडाले पाणी उशिरा पोचते, तसं. कॉम्प्युटर हवा सोडायचा, पण ती पोचेपर्यंत इंजिन आचके द्यायचं.

प्रज्ञानं दाराच्या स्प्रिंगचा ताण कमी केला. नट थोडा फिरवायचा, भाऊंना गाडी उचलायला लावायची, व्हिडिओ पाहायचा, पुन्हा नट. लॅपटॉपमध्ये हवा जरा आधी सोडायला शिकवलं. आयडल अगदी थोडा चढवला, कारण पंख्याचं ओझं काही कुठं जात नाही. दुपार गेली. चहा निवून गेला. ती एकदाही चिडली नाही, आणि स्वतःच्या पायानं एकदाही खात्री केली नाही. दर वेळी बापाचाच पाय.

रविवारी आम्ही घाटात गेलो, मी मागच्या सीटवर. त्याच वळणावर भाऊंनी गाडी थांबवली, एसी लावला आणि क्लच सोडला. उजवा पाय मॅटवर. इंजिनाचा आवाज खाली गेला, माझा जीव वर आला. मग आवाज सावरला, आणि गाडी बैलासारखी शांतपणे चढायला लागली. भाऊंनी पुन्हा थांबवली, पुन्हा उचलली. मग अजून एकदा.

"तुह्या मायले मी सांगतो," एवढंच म्हणाले.

सोमवारी वहिनी बसल्या. मागच्या सीटवर बसल्या, पण बसल्या.

माझ्याकडं आता तक्रार घेऊन गाडी आली की मी पहिले मालकालेच चालवायला लावते. चावी मी नंतर घेते.